अठ्ठावन्न किलो

१२ सप्टेंबर

ठकू,

फोनवर मी एक तर ओरडते नाही तर रडते, आणि तुला दोन्ही नको, असं तू बाबांना सांगितलंस. "बोलायचं असेल तर लिही म्हणावं. वाचायचं की नाही ते मी बघीन." बाबांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. कुणाचा तरी फ्रीज उघडून बसले होते, मानसुद्धा वर केली नाही. त्याला चार महिने झाले. शिट्टीच्या एका फुंकरीत दोनशे मुलींना रांगेत उभं करणारी मी, पण चार ओळी कागदावर सरळ उभ्या राहत नाहीत.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांची पाठ अधूनमधून धरते. वजनदार फ्रीज एकट्याने उचलू नका म्हटलं की म्हणतात, "वजनाचा विषय तू काढू नकोस." गमतीत म्हणतात. बहुतेक गमतीतच.

तू मावशीकडे महिनाभरासाठी म्हणून गेलीस, त्याला परवा दोन वर्षं झाली.

शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. काल मला बोलावून म्हणाल्या, "ती तंदुरुस्तीची मोहीम तुमचीच ना? पुन्हा करू या." जुना अहवाल काढून मला वाचून दाखवला. सगळ्या मुलींची वजनं घ्यायची, यादी फलकावर लावायची, साठच्या वरचे आकडे लाल शाईने. शेवटचं वाक्य त्यांना फारच आवडलं होतं. "लाज वाटली की पाय आपोआप पळू लागतात." ते वाक्य माझं आहे. मी नुसती मान हलवली.

त्यावरून आठवलं. तेव्हाच्या यादीत तुझा आकडा चुकला होता, तो काट्यामुळे. शाळेचा काटा जुना होता, कधी इकडे कधी तिकडे. तू ते मनाला फार लावून घेतलंस. बाकी जे काही केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं, हे तुला आज ना उद्या पटेल.

पोटभर जेवत जा. म्हणजे वेळेवर जेवत जा.

आई


२६ सप्टेंबर

ठकू,

मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, तिने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, काटा जुना नव्हता. आईनेच खोक्यातून काढला, वरचं प्लॅस्टिक मी फाडलं होतं." मग मावशी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. ताई, निदान कागदावर तरी खरं लिही."

माझी धाकटी बहीण मला असं कधी बोलली नव्हती. मी फोन ठेवून दिला, आणि आठवडाभर तिच्यावर रागावून होते. आज राग उरला नाही. आता दुसरं काहीतरी आहे.

काटा नवा होता.

व्यायामाच्या हॉलमध्ये मधोमध ठेवला होता. मुली बूटमोजे काढून रांगेत. नर्स टेबलाशी वही घेऊन बसलेली, आणि मी काट्याजवळ उभी राहून आकडा मोठ्याने वाचत होते. नर्सला ऐकू जावं म्हणून, असं तेव्हा म्हणाले असते. नर्स माझ्यापासून चार हातांवर होती. तिच्यासाठी एवढ्या आवाजाची काही गरज नव्हती.

तुझा नंबर आला. तू चौदा वर्षांची होतीस. स्वेटर काढलास. मग केसांतली क्लिप काढून मुठीत धरलीस. काट्यावर पाय ठेवता ठेवता तुझ्या लक्षात आलं असावं, की मुठीतली क्लिपही वजनातच धरली जाणार. तू ती माझ्या हातात दिलीस. एवढीशी क्लिप, ठकू, तिचं वजन ते किती!

काटा सदुसष्टवर थांबला.

मी म्हणाले, "अठ्ठावन्न."

नर्सने लिहून घेतलं. तू आधी पायांशी बघितलंस आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, तुला हायसं वाटेल. देवाशपथ, मी तुला वाचवलं असंच मला वाटत होतं. पण खेळाच्या बाईंची मुलगी लाल आकड्यात निघाली असती तर लोक मलाच हसले असते. मी माझी कातडी वाचवत होते.

तुझ्या मागे भिंत उभी होती. शिंपीणबाईंची लेक, आपल्या हँडबॉलच्या टीमची गोलकीपर. ते नाव तिला मीच दिलं होतं, कारण तिच्या पुढून चेंडू जायचा नाही. नाव घेतलं की ताठ उभी राहायची ती. तिचा आकडा मी हॉलभर घुमेल असा वाचला. "सहासष्ट!"

यादी लागली तेव्हा ती सगळ्यांत वर होती. एकटीच्या नावाखाली दोन लाल रेघा होत्या. त्या दिवसापासून मुली तिला भिंत म्हणायच्या आणि हसायच्या. नाव तेच होतं.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. ते आज लिहिणार नाही.

आई


९ ऑक्टोबर

ठकू,

मागच्या पत्राला तुझ्याकडून काहीच आलं नाही. बाबांच्या फोनवर तू नेहमीसारखी बोललीस. मी आतल्या खोलीत होते. तू दर रविवारी फोन करतेस तेव्हा मी आतल्या खोलीतच असते, हे तुला माहीत असेलच.

राहिलेलं लिहिते. टाळलं तर तू म्हणशील, आई पुन्हा अठ्ठावन्नवर थांबली.

यादी लागल्यावर चौथ्या दिवशी कुणीतरी फलकावरचं अठ्ठावन्न खोडून निळ्या पेनाने सदुसष्ट लिहिलं होतं. सातचा आकडा बघूनच मला कळलं. तुला अक्षर गिरवायला मीच शिकवलं होतं. तेव्हाच तुला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण मी सगळी शाळा मैदानावर उभी केली आणि विचारलं, "हा चावटपणा कुणाचा?"

तू लगेच हात वर केलास. "माझा. तेच माझं खरं वजन आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हणाले, "मैत्रिणीचा पुळका आला म्हणून नाटक करतेय. माझ्या मैदानावर खोटारडेपणा चालणार नाही. दहा फेऱ्या."

मी तुला खोटारडी म्हणाले. दोनशे मुलींच्या समोर. हे लिहायला मला दोन वर्षं आणि तीन पत्रं लागली.

तू धावलीस. चौथ्या फेरीपर्यंत मुली हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. सातव्या फेरीला भिंत रांगेतून बाहेर पडली आणि तुझ्या शेजारी धावू लागली. शिट्टी माझ्या तोंडात होती, पण मी ती वाजवली नाही. शेवटच्या तीन फेऱ्या तुम्ही दोघींनी बरोबर मारल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला टीममधून काढलं. नियम आहे म्हणाले, लाल आकड्यातली मुलगी टीममध्ये नको. तो नियम मी आदल्या रात्री केला होता. पुढच्या सामन्यात आपल्यावर चौदा गोल झाले. महिन्याभरात तिने शाळा बदलली.

आणि घरी. दर रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात काटा ठेवून तुला उभं करायची. तुझी ताटली बदलून लहान आणली. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप घातलं. बाबांनी कुलूप तसंच ठेवून दाराची बिजागरीच काढून ठेवली होती, ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. इतके दिवस तुम्ही दोघं मला हसत असाल. बरं झालं, कुणीतरी हसत होतं.

पण ते बिस्किटांचे कागद. तुझ्या कपाटामागे सापडले तेव्हा मावशी राहायला आली होती. तुझ्याशी एकटीशी बोलायचं सोडून मी ते जेवायच्या टेबलावर ओळीने मांडले, सगळ्यांसमोर. सतरा. मोजलेही मोठ्याने. तू रडली नाहीस की भांडली नाहीस. एकेक कागद उचलून त्याची घडी घातलीस, आणि मावशीला म्हणालीस, "मी तुझ्याकडे येऊ का थोडे दिवस?"

तू गेल्यावर मावशीने तुझ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही आजार नाही, वाढतं वय आहे, खेळू द्या, झोपू द्या, धाकात ठेवू नका. मावशीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला काय वाटलं, ते आजवर कुणाला बोलले नाही. मी निराश झाले. काहीतरी निघायला हवं होतं. निघालं असतं तर म्हणता आलं असतं, बघ, मी म्हणत होते. लेकीच्या अंगात आजार निघावा अशी आशा धरणारी आई कुठे असते का? ही बघ.

मी पंधरा वर्षांची असताना धावायची. आमचे सर स्पर्धेआधी दोन दिवस आम्हाला पाण्यावर ठेवायचे. मी तिसरी आले, तेव्हा वाटलं, उपाशी राहिलं की बक्षीस मिळतं. ते डोक्यातून कधी गेलंच नाही. हे कारण आहे, सबब नाही.

आई


२४ ऑक्टोबर

ठकू,

आज भिंतीला भेटून आले.

धीर होत नव्हता, म्हणून मी विजार आखूड करायचं निमित्त काढलं. शिंपीणबाईंचं दुकान अजून त्याच जिन्याखाली आहे. मशीनं दोनाची तीन झाली आहेत. गळ्यात टेप, बोटांना खडू. मला बघून म्हणाल्या, "या बाई. माप द्यायला आलात की घ्यायला?"

मला हसायलाच येईना. त्यांनी विजार हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुमची लेक दर महिन्याला यायची इथे."

"कशाला?"

"गणवेश सैल करून घ्यायला. म्हणायची, मावशी, एका बाजूची शिवण आज उसवा, दुसऱ्या बाजूची पुढच्या आठवड्यात. म्हणजे आईच्या लक्षात येणार नाही. पैसे द्यायला लागली तर मी घेतले नाहीत. शेवटी एक दिवस सांगावं लागलं, पोरी, आता यात माया नाही उरली."

मी म्हटलं, "काय नाही उरली?"

"माया हो. शिवणीच्या आत जादा कापड सोडतो ना आम्ही, ती. वाढत्या अंगाच्या कपड्याला चांगली चार बोटं सोडावी लागते. पण तुम्हीच शिवायला टाकताना म्हणाला होता, अगदी बेतात शिवा, वाढायला जागा ठेवली की पोरी वाढतात."

मी असं म्हणाले होते, ठकू. मला आठवतंय. वर हसलेही होते.

तेवढ्यात भिंत आली. खूप उंच झाली आहे. दारात वाकून आत आली आणि मला बघून तशीच उभी राहिली. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "माझी चूक झाली."

"कुठली?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "तुला टीममधून काढलं ती."

"त्याचं वाईट वाटलं होतं. पण बाई, ती फलकावर खरं लिहून आली आणि तुम्ही तिलाच खोटं पाडलंत. तेव्हा मला कळलं, या शाळेत खरा आकडा फक्त माझा एकटीचा." मग पिशवी खाली ठेवली. "आणि माफी इथे कशाला मागता, दुकानात? यादी काय दुकानात लावली होती?"

शिंपीणबाई मध्ये पडल्या. "जाऊ दे गं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, जगाची रीतच आहे." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमचं मात्र नवलच, बाई. तुम्ही आपल्या बाब्यालाही कार्टंच केलंत."

विजार पुढच्या मंगळवारी मिळणार आहे. पालकांची सभा गुरुवारी आहे.

आई


२ नोव्हेंबर

ठकू,

सभेत काय झालं ते बाबांनी फोनवर सांगितलं म्हणतात. ते माझ्या बाजूने सांगणार. मी माझ्या विरुद्ध सांगते, म्हणजे तुला मधलं काढता येईल.

मोठ्या बाईंनी मोहिमेचं जाहीर करून मला बोलायला उभं केलं. मी उठले, आणि पहिली पाच मिनिटं व्यायामाचं महत्त्वच सांगत राहिले. भेकड. मागच्या रांगेत भिंत आणि शिंपीणबाई बसल्या होत्या. मी त्यांना या म्हणून कळवलं होतं, आणि आता त्या खरंच आल्या म्हणून मी व्यायामाचंच ताणत होते. भिंतीने हाताची घडी घातली, तेव्हा कुठे मी मुद्द्यावर आले.

मी म्हटलं, "मागच्या वेळच्या यादीत एक आकडा खोटा होता. माझ्या मुलीचा. तो मी मुद्दाम खोटा वाचला. तिने तो दुरुस्त केला, तर मी तिला सगळ्या शाळेसमोर खोटारडी म्हणाले. ती खरं बोलत होती. मी खोटं बोलत होते."

एक वडील उठले. "म्हणजे आमच्या पोरींची वजनं खरी लावलीत, आणि तुमच्या पोरीचं झाकलंत?"

"हो."

"माझी मुलगी दोन महिने डबा परत आणायची, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं. मग दुसऱ्या एक बाई उठल्या, मग तिसऱ्या. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एकेकीने आपापल्या मुलीचं सांगितलं आणि खाली बसली. मला वाटत होतं, माझ्या हातून दोन मुली दुखावल्या. सभा संपेपर्यंत अकरा झाल्या.

भिंत शेवटपर्यंत थांबली नाही. माझं बोलणं झाल्यावर ती उठून गेली. माझ्याकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही. शिंपीणबाईंनी निघताना माझी विजार हातात दिली, कागदात गुंडाळलेली. "कमरेला थोडी सोडलीय," म्हणाल्या.

वर्षभरासाठी माझं मैदान काढून घेतलं आहे. मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालते. मोहीम होणारच आहे, फक्त यादी लागणार नाही आणि वजन पडद्याआड घेणार. एवढ्यावर समाधान मानावं, की तेवढंही मला दोन वर्षांपूर्वी सुचू नये याची लाज बाळगावी? कव्हरं घालताना विचार करायला वेळ भरपूर मिळतो.

बाबा त्या दिवशी सभेच्या दाराशी उभे होते. वाटेत मला म्हणाले, "दमलीस?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "दहा फेऱ्या काही सोप्या नसतात."

हे मी तू परत यावंस म्हणून लिहीत नाही. हे वाक्य खोटं आहे. पण तू नाही आलीस तरी लिहिलंच असतं, हे खरं आहे.

आई


२१ डिसेंबर

ठकू,

तुझी गाडी आत्ता कुठे निम्म्या वाटेवर असेल, आणि मी लिहायला बसले आहे. चार दिवस समोर होतीस तेव्हा तोंडातून निघालं नाही, ते आता लिहिते.

तू येणार हे बाबांनी आदल्या दिवशी सांगितलं. मी घर दोनदा पुसलं. दारात तू पिशवी खांद्यावरून न उतरवताच म्हणालीस, "एक अट आहे. माझ्या ताटाकडे बघायचं नाही." मी म्हटलं, "नाही बघणार." मग तू मला जवळ घेतलंस. तूच घेतलंस, माझी हिंमत नव्हती. दोन वर्षांनी लेक मिठीत आली आणि माझ्या हातांनी काय केलं, सांगू? त्यांनी माप घेतलं. तुझ्या पाठीवर हात फिरवता फिरवता मनात एक आकडा आलासुद्धा. तुला ते कळलं नाही असं मी धरून चालले होते. पण तू थोडी आधीच बाजूला झालीस, म्हणून आता खात्री नाही.

चारही दिवस मी शर्थ केली. जेवताना खिडकीबाहेर बघायची. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला किती खिळे आहेत ते मला पाठ झालं आहे. बाबा एकदा म्हणाले, "टाकीत काय आहे गं एवढं?" आणि तू हसलीस.

काल शेवटचं जेवण. तू मावशीच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होतीस. तो तुझी सायकल सुरू झाली की दोन चौक मागे धावतो, आणि मग दमला की रस्त्याच्या मधोमध बसून घेतो. मग तू उतरून त्याला पुढच्या टोपलीत घालतेस, आणि लोक बघतात, एवढं धूड टोपलीत. सांगता सांगता तू दोन पाव आणखी घेतलेस. मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलंस. "बघितलंस ना?"

मी म्हटलं, "नाही गं."

गोष्ट पुरी केलीस, भांडी विसळलीस, सकाळी नीट निरोप घेऊन गेलीस. मी स्टेशनवरून परत येईपर्यंत स्वतःला सांगत होते की एवढं चालतं, चार दिवस किती छान गेले, एका शब्दासाठी कशाला कोळसा उगाळायचा. घरात शिरले आणि तुझ्या खुर्चीकडे बघून कळलं की मी पुन्हा तेच केलं. काटा समोर होता, आणि मी दुसराच आकडा वाचला.

बघितलं होतं, ठकू. दोन पाव. दुसऱ्याला लोणी जास्त होतं. तू हसत होतीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतीस, तेही मी बघितलं. पण ते नंतर. आधी पाव बघितले.

आई